पाणी कधी काळं, कधी पांढरं

व्ह्यू-बॉक्सवर दोन फिल्म शेजारी शेजारी लावल्या आहेत. माणूस एक, मेंदू एक, छेदही तोच: कानाच्या थोडा वरून आडवा घेतलेला, जिथे मेंदूच्या पोटातली पाण्याची दोन शिंगं समोर येतात. वैद्यकात त्यांना लॅटरल व्हेंट्रिकल म्हणतात. पहिल्या फिल्ममध्ये ही शिंगं काजळासारखी काळी आहेत, दुसरीत तीच चुन्यासारखी पांढरी. पहिलीत मेंदूचा गाभा उजळ आणि वरची घड्याघड्यांची साल करडी. दुसरीत गाभा गडद आणि साल उजळ. या दोन फिल्मच्या मध्ये पेशंट टेबलावरून उठला नाही, हलला नाही. मशीन तेच, चुंबक तेच, डोक्याभोवतीची कॉइल तीच. बदलले ते दोन आकडे. पहिल्या फिल्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं आहे टीआर ५००, टीई १५. दुसरीच्या कोपऱ्यात टीआर ४०००, टीई १००. सगळे मिलिसेकंदांत.

फिल्म वाचणं हेच माझं रोजचं काम, आणि इतक्या वर्षांनंतरही ही जोडी समोर आली की मी दोन क्षण थांबतो. एक्स-रेवर हाड म्हणजे पांढरं, हे कायमचं. सीटीत पाण्याचा आकडा शून्य ठरलेला आहे, तो कोणत्याही गावात, कोणत्याही मशीनवर शून्यच. एमआरआयमध्ये पांढऱ्याला स्वतःचा असा अर्थ नाही. तो त्याला वेळेने येतो. आपण शरीराला कधी विचारलं आणि उत्तर कधी ऐकलं, यावर पाणी काळं की पांढरं ते ठरतं. म्हणून माझ्या लेखी एमआरआयची फिल्म चांगली की सुमार हे चुंबकाच्या ताकदीवर फार थोडं आणि वेळेच्या निवडीवर फार जास्त अवलंबून आहे. ही निवड कशी वाचायची, तेवढंच इथे सांगायचं आहे.

सिग्नल येतो हायड्रोजनच्या केंद्रकातून, म्हणजे प्रोटॉनमधून. आणि शरीरात हायड्रोजन मुख्यतः पाण्यात आणि चरबीत. १.५ टेस्लाच्या चुंबकात हे प्रोटॉन सेकंदाला जवळजवळ ६.४ कोटी वेळा गिरकी घेतात. त्याच वारंवारतेची रेडिओ-लहर क्षणभर सोडली की त्यांचं एकत्रित चुंबकत्व आडवं पडतं, आणि आडवं असेपर्यंतच ते कॉइलला ऐकू येतं. पुढे दोन गोष्टी एकाच वेळी, पण अगदी वेगळ्या गतीने घडतात. चुंबकत्व हळूहळू पुन्हा उभं राहतं, आणि आडव्या पातळीवर एकसुरात फिरणारे प्रोटॉन एकमेकांपासून सुटत जातात. फेलिक्स ब्लॉख यांनी १९४६ मध्ये या दोन्हींच्या काळांना नावं दिली: पुन्हा उभं राहण्याच्या, म्हणजे सावरण्याच्या, काळाला टी-वन आणि एकसुरातून सुटण्याच्या काळाला टी-टू. ती आजही तशीच चालतात.

टी-वन समजायला पावसाळ्यातली गॅलरी आठवावी. दोरीवर नायलॉनची साडी, सुती परकर आणि गोधडी एकाच वेळी वाळत घातली. अर्ध्या तासाने हात लावून पाहिलं तर साडी वाळत आलेली, परकर दमट, गोधडी निथळतेय. तिन्हींतला फरक तेव्हाच कळतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर सगळंच कोरडं, आणि कोणतं केव्हा वाळलं याचा मागमूस नाही. मेंदूतही असंच. १.५ टेस्लावर चरबीचा टी-वन २५० मिलिसेकंदांच्या आसपास, व्हाइट मॅटरचा (म्हणजे गाभ्याचा) ६००, ग्रे मॅटरचा (म्हणजे सालीचा) ९५० आणि मेंदूभोवतीच्या पाण्याचा सुमारे ४०००. पुस्तकागणिक हे आकडे थोडे हलतात, क्रम हलत नाही. टीआर म्हणजे दोन लहरींमधलं अंतर, म्हणजेच कपड्यांना हात लावायची वेळ. ५०० मिलिसेकंदांनी पुढची लहर आली तर तोवर व्हाइट मॅटर ५७ टक्के सावरलेला असतो, ग्रे मॅटर ४१ टक्के, आणि पाणी अवघं १२ टक्के. जे सावरलं तेवढंच पुन्हा आडवं पडू शकतं, तेवढंच बोलू शकतं.

आता पहिली फिल्म पुन्हा पाहू. कवटीबाहेरची चरबी शुभ्र, कारण ती केव्हाच सावरली. गाभ्यातला व्हाइट मॅटर दुधाळ, त्याच्या कडेने सालीची करडी पट्टी, खाचांमध्ये आणि शिंगांत काळं पाणी. मला ही फिल्म पेन्सिलच्या रेखाटनासारखी वाटते. इथे रचना दिसते: कॉडेट नावाच्या आतल्या भागाचं डोकं शिंगाच्या बाहेरच्या भिंतीवर कसं टेकलं आहे, मधला कॉर्पस कॅलोझम दोन अर्धगोलांना कसा जोडतो, कोणती घडी कुठे वळते. शिकाऊ डॉक्टरांना मी मेंदूची ओळख नेहमी या फिल्मवरून करून देतो. आजार मात्र ती फारसा बोलून दाखवत नाही. सूज आली की पाणी वाढतं, पाणी वाढलं की टी-वन लांबतो, आणि डाग थोडासा गडद होतो, इतकंच. या फिल्मवर आपणहून पांढरं दिसणाऱ्या गोष्टी मोजक्या: चरबी, काही दिवसांचं जुनं रक्त, दाट प्रथिनयुक्त द्रव, मेलॅनिन आणि शिरेतून दिलेलं गॅडोलिनियम. म्हणून इथला पांढरा ठिपका मला कधीच किरकोळ वाटत नाही.

दुसऱ्या फिल्मची तऱ्हा उलटी. टीआर ४००० असल्याने व्हाइट आणि ग्रे मॅटर जवळजवळ पूर्ण सावरलेले असतात; पाणीही ६३ टक्क्यांपर्यंत आलेलं असतं. टी-वनचा आवाज दबला. आता बोलतो टी-टू. टीई म्हणजे लहर सोडल्यापासून उत्तर ऐकेपर्यंतचा काळ. तो १०० मिलिसेकंद ठेवला की व्हाइट मॅटरचा आवाज २९ टक्के उरतो, ग्रे मॅटरचा ३७, आणि पाण्याचा ९५, कारण पाण्याचा टी-टू दोन हजारांच्या घरात आहे आणि मेंदूच्या दोन्ही भागांचा ८० ते १००. इथे थांबण्यातच मौज आहे. सगळे थकून गप्प झाल्यावर जो अजून बोलतोय तो पाणी.

या उत्तराला एको म्हणतात, आणि त्यामागची कल्पना मला आजवर शिकलेल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी वाटते. इर्विन हान यांनी तो १९५० मध्ये जगापुढे मांडला. प्रोटॉन एकसुरातून सुटतात ते दोन कारणांनी. एक, चुंबकाचं क्षेत्र सगळीकडे नेमकं सारखं नसतं. दोन, शेजारच्या रेणूंची धक्काबुक्की. हान यांनी उदाहरण दिलं धावपटूंचं. सगळे एका रेषेवरून निघाले, कुणी जलद, कुणी मंद, घोळका पांगला. मग इशारा झाला आणि सगळे जागच्या जागी उलटे वळून त्याच वेगाने परत धावू लागले. सर्वांत जलद धावणारा सर्वांत लांब पोचलेला, म्हणून परतीची वाट त्यालाच जास्त. परिणामी सगळे एकाच क्षणी मूळ रेषेवर! चुंबकाच्या दोषाने झालेलं नुकसान असं भरून निघतं. भरून निघत नाही ते वाटेत धक्का लागून वेग बदललेल्यांचं. तेच खरं टी-टू. म्हणजे एको यंत्राचा दोष वजा करून ऊतीचा स्वभाव तेवढा हातात ठेवतो. इतकी स्वच्छ वजाबाकी विज्ञानात क्वचित पाहायला मिळते.

आता जरा हिशेबात शिरतो, कारण या विषयातला खरा रस मला हिशेबातच सापडला. सावरण्याचा वाटा, टिकण्याचा वाटा आणि मुळात पाणी किती हा तिसरा वाटा (व्हाइट मॅटर ७०, ग्रे मॅटर ८०, पाणी १०० धरून) यांचा गुणाकार करायचा. पहिल्या फिल्मचं उत्तर येतं व्हाइट ३३, ग्रे २८, पाणी १२. दुसरीचं येतं व्हाइट २०, ग्रे २९, पाणी ६०. क्रम अक्षरशः उलटा. मग शिकताना कधीतरी मनात येतं की पहिलीचा टीआर आणि दुसरीचा टीई घेतला तर? लवकर विचारायचं आणि उशिरा ऐकायचं. टीआर ५००, टीई १००. हिशेब करा: व्हाइट ११, ग्रे १२, पाणी ११. संपलं! मेंदू आहे, चुंबक आहे, कॉइल सिग्नल घेते आहे, पण गाभा, साल आणि शिंगं एका राखाडी धुक्यात विरघळून गेली. टी-वन ज्याला गडद करतो त्यालाच टी-टू उजळ करतो. दोघांना सारखाच मान दिला की ते एकमेकांना खोडून काढतात. पुस्तकं हे जोडकाम ‘वापरू नये’ एवढं सांगून पुढे जातात. मी म्हणेन, एकदा कागदावर हा हिशेब प्रत्येकाने करावा. फरक पाहायचा तर एकाचं म्हणणं पूर्ण ऐकायचं आणि दुसऱ्याला तेवढा वेळ गप्प बसवायचं, ही या कलेतली पहिली अट त्यातून कळते.

त्याहून नाजूक जागा टीआर १२०० आणि टीई २० च्या आसपास आहे. तिथे पाणी वेगळं दिसतं, पण व्हाइट ४७ आणि ग्रे ४७. म्हणजे गाभा आणि साल यांतली सीमारेषाच पुसली जाते. टीआर त्याहून कमी केला तर व्हाइट वरचढ, वाढवला तर ग्रे वरचढ, आणि मधल्या एका बिंदूवर मेंदू एकसंध लोण्याचा गोळा. ही सीमारेषा मेंदूत आहेच, पण ती दिसणं न दिसणं आपल्या हातात आहे, हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मला थोडी भीतीही वाटली होती.

ती भीती निराधार नव्हती. एकदा बाहेरच्या एका सेंटरवरून फिट येणाऱ्या तरुण मुलाच्या फिल्म माझ्याकडे आल्या. टी-टू म्हणून लावलेल्या फिल्मच्या कोपऱ्यात टीआर २०००, टीई ९०. वेळ वाचवायला टीआर निम्मा केला होता. वरवर सगळं ठीक: पाणी पांढरं, साल करडी. पण हिशेबाने पाण्याचा आकडा ६० वरून ३८ वर आला होता. सालीतल्या डागातही पाणी जास्त, त्यामुळे त्याचा टी-वनही लांब. तोही पुरता सावरलेला नव्हता. खाचेतलं पाणी आणि शेजारच्या सालीतला डाग जवळपास एका छटेचे झाले होते. मला तिथे फक्त जरा रुंद खाच दिसत होती. मुलाला पुन्हा बोलावलं, पूर्ण टीआर दिला, आणि खाचेच्या काठाला पाण्याहून वेगळा, शेंगदाण्याएवढा डाग उभा राहिला. तेव्हापासून फिल्म हातात आली की मी आधी कोपरा वाचतो, मग मेंदू.

वेळ वाचवायचा मोह का होतो, हेही न्यायाने सांगायला हवं. जुन्या पद्धतीत एका लहरीमागे चित्राच्या माहितीची एकच ओळ भरली जायची. २५६ ओळी आणि टीआर चार सेकंद म्हणजे १७ मिनिटं, त्या खडखडाटात, न हलता. १९८६ मध्ये युर्गेन हेनिश यांनी एका लहरीमागे एकापाठोपाठ अनेक एको घेऊन अनेक ओळी भरायची युक्ती मांडली. एका फेरीत १६ ओळी घेतल्या तर तीच १७ मिनिटं एका मिनिटावर येतात. आज जगभरातल्या बहुतेक टी-टू फिल्म याच पद्धतीच्या आहेत. मग टीई कोणता धरायचा? सोळा एकोंच्या तर सोळा वेळा. उत्तर असं की ज्या एकोने माहितीच्या पटाच्या मधल्या ओळी भरल्या, त्याची वेळ. मधल्या ओळी उजेड-अंधार ठरवतात, कडेच्या ओळी बारीक कडा देतात. म्हणजे सोळांतले जे दोन-चार एको मध्ये बसवले, त्यांचाच स्वभाव सगळ्या चित्राला येतो. या सोयीची किंमत म्हणजे टी-टू फिल्मवर चरबीही उजळ दिसू लागली. जुन्या पद्धतीच्या फिल्मवर ती मंद असायची.

ऊतींच्या या वेगवेगळ्या काळांत आजाराची खूण असू शकते हे रेमंड डॅमेडियन यांनी १९७१ मध्ये उंदरांच्या गाठींवर मोजून दाखवलं. दोन वर्षांनी पॉल लॉटरबर यांचा ‘नेचर’मधला छोटा निबंध आला, आणि एमआरआयचं पहिलं चित्र म्हणून त्यातल्या पाण्याच्या दोन नळ्या सगळ्यांना माहीत आहेत. त्या निबंधातला दुसरा प्रयोग फारसा कुणी सांगत नाही. मला तोच जास्त मोलाचा वाटतो. एक मिलिमीटर रुंदीच्या दोन नळ्या, एकीत शुद्ध पाणी, दुसरीत मँगनीजच्या क्षाराचा अगदी विरळ द्रव. मँगनीजने दुसरीचा टी-वन आखूड केला. लहर हलकी ठेवली तेव्हा दोन्ही नळ्या सारख्या दिसल्या. लहर जोरदार केली तेव्हा शुद्ध पाण्याला सावरायला उसंत मिळेना, आणि ती नळी चित्रातून नाहीशी झाली. नळी जागेवर, पाणी जागेवर, चित्रात मात्र एकच नळी. आपल्या पहिल्या फिल्ममधली काळी शिंगं हीच ती नाहीशी झालेली नळी आहे. ज्या निबंधात हे चित्रण जन्मलं, त्याच निबंधात त्याचा रसही जन्मला होता.

माझ्या आवडीची फिल्म कोणती असं विचारलं तर मी क्षणाचाही विचार न करता फ्लेअर सांगेन. टी-टू फिल्मची एक अडचण आहे: पाण्याचा झगमगाट. मल्टिपल स्क्लेरोसिसचे डाग शिंगांच्या काठाला लागून असतात. पाणी पांढरं, डागही पांढरा, आणि डोळा दिपतो. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधल्या हाजनाल, बिडर, यंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये यावर जो तोडगा दिला तो निव्वळ वेळेचा आहे. आधी एका लहरीने सगळं चुंबकत्व उलटं करायचं, डोकं खाली पाय वर. आता सावरणं म्हणजे उण्याकडून शून्यातून अधिकाकडे येणं. प्रत्येक ऊती आपापल्या वेळी शून्य ओलांडते. चरबी १७५ च्या आतच, व्हाइट मॅटर चारशेच्या सुमारास, ग्रे मॅटर साडेसहाशेच्या. पाणी सर्वांत शेवटी. आणि पाणी शून्यावर असतं नेमक्या त्याच क्षणी मोजणीची लहर सोडायची. शून्याला आडवं पाडता येत नाही. पाणी असतं, पण त्याच्याकडे बोलायला काही नसतं.

तो क्षण कोणता? टी-वनला ०.६९३ ने गुणलं की शून्याची वेळ येते. ४००० साठी २७७० च्या आसपास. पण टीआर ९००० असेल तर एका फेरीतून दुसऱ्या फेरीत जाताना पाणी पूर्ण सावरलेलं नसतं, म्हणून शून्य जरा आधी येतं, साधारण २३७० ला. १.५ टेस्लाच्या मशीनवर फ्लेअरचा टीआय, म्हणजे उलटं करण्यापासून मोजणीपर्यंतचा काळ, २४०० च्या आगेमागे दिसतो तो या हिशेबामुळे. तोवर मेंदू बहुतांशी सावरलेला असतो, मग लांब टीई देऊन टी-टूचं म्हणणं ऐकायचं. हाती येते अशी फिल्म, जिच्यात टी-टूची सगळी संवेदना आहे आणि पाणी काळं आहे. शिंगांच्या काठावरचे डाग अंधारातून पणत्यांसारखे उठून येतात. सालीची घडी न् घडी मोकळी होते. चित्रातली एक गोष्ट गप्प केल्याने बाकीच्या इतक्या स्पष्ट बोलाव्यात, याचं समाधान मला दर वेळी नव्याने मिळतं.

फ्लेअरचे दोष मला ठाऊक आहेत. मेंदूतलं पाणी वाहतं असतं. उलटं करणारी लहर लागली नाही असं ताजं पाणी छेदात घुसलं तर ते पांढरं चमकतं, आणि नवख्या वाचकाला तिथे रक्तस्राव वाटतो. कवटीच्या तळाशी, मेंदूच्या दांड्याच्या पुढे आणि शिंगांच्या तोंडाशी हे हमखास घडतं. तरीही निवाडा बदलत नाही. हीच युक्ती चरबीच्या शून्यावर वापरली की स्टर होतं. तिथे टीआय दीडशे-पावणेदोनशे. मणक्याची, सांध्यांची सूज पाहायला त्याला तोड नाही. मात्र गॅडोलिनियम दिल्यावर स्टर करू नये. औषधाने ज्या भागाचा टी-वन चरबीइतका आखूड झाला असेल, तो भागही चरबीबरोबर गप्प होतो.

आपल्याकडे फिट घेऊन येणाऱ्या पेशंटांत मेंदूतला क्षय आणि पोर्क-टेपवर्मच्या अळीची गाठ हे दोन पाहुणे कायमचे. अळीच्या गाठीचं वाचन फ्लेअरवर फार देखणं होतं. अळी जिवंत असताना गाठीतला द्रव स्वच्छ पाण्यासारखा असतो. फ्लेअरवर तो काळा होतो आणि आत अळीचं डोकं छोट्या पांढऱ्या ठिपक्यासारखं दिसतं. टी-टूवर हेच डोकं झगमगाटात बुडून जाऊ शकतं. अळी मरू लागली की द्रवात प्रथिनं उतरतात, त्याचा टी-वन आखूड होतो, त्याचं शून्य पाण्याच्या शून्याशी जुळत नाही, आणि गाठ काळी होईनाशी होते. एक शब्द न बोलता फिल्मने अळीची अवस्था सांगितलेली असते. क्षयाची घट्ट गाठ उलट टी-टूवरच गडद होते. बहुतेक आजार टी-टूवर पांढरे, म्हणून हा गडदपणा दिसला की मी सावध होतो.

लकव्याची गोष्ट थोडक्यात सांगतो. रक्तपुरवठा तुटल्यावर पाण्याच्या हालचालीवर बेतलेली डिफ्युजन फिल्म काही मिनिटांतच पांढरी होते. फ्लेअरला काही तास लागतात. झोपेतून उठतानाच एक बाजू लुळी पडलेल्या माणसाला घटना कधी घडली ते सांगता येत नाही. डिफ्युजन पांढरी आणि फ्लेअर अजून कोरी असेल तर ती बहुधा साडेचार तासांच्या आतली. २०१८ मध्ये आलेल्या वेक-अप अभ्यासात याच फरकावर गुठळी विरघळवणारं औषध दिलं गेलं आणि पेशंटांना त्याचा फायदा झाला. ज्या घरात घड्याळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तिथली वेळ दोन फिल्मनी सांगितली.

आणि शेवटी ज्या फिल्मपाशी मी सर्वांत जास्त रेंगाळतो ती, नवजात बाळाची. बाळाला पोटभर दूध पाजून, कान झाकून, दुपट्यात घट्ट गुंडाळून झोपेतच टेबलावर ठेवतात. मोठ्या माणसाच्या वेळा लावून टी-वन काढला तर फिल्म उलटीच दिसते: गाभा गडद, साल उजळ. नवखा डॉक्टर कोपरा पुन्हा पुन्हा वाचतो, टी-टू तर लागला नाही ना? लागलेला नसतो. बाळाच्या व्हाइट मॅटरला अजून मायलिनचं स्निग्ध वेष्टण चढलेलं नाही. तिथे पाणीच पाणी, टी-वन लांब. पण नीट पाहिलं तर पूर्ण दिवसांच्या बाळात खोल आत, थॅलॅमसच्या बाहेरून, एक बारीक उजळ रेघ दिसते. हातापायांना हुकूम नेणाऱ्या तंतूंची ही वाट, तिथे मायलिन आधी आलेलं असतं. प्रसूतीत गुदमरलेल्या बाळाच्या फिल्ममध्ये मी सर्वांत आधी ही रेघ शोधतो. ती नसली तर पुढची फिल्म हातात घ्यायला वेळ लागतो.

मग उजेड पसरत जातो, मागून पुढे, खालून वर, आतून बाहेर. सहा ते आठ महिन्यांच्या सुमारास गाभा आणि साल जवळजवळ सारखे दिसतात. टीआर १२०० च्या त्या हिशेबासारखी सीमारेषा पुसली जाते, फक्त इथे ती मशीनच्या वेळेने नव्हे, बाळाच्या वयाने पुसलेली असते. वर्षाच्या सुमारास टी-वन फिल्म मोठ्यांसारखी होते. टी-टूला दोन वर्षं लागतात. म्हणून लहान बाळांसाठी टीआर आणि टीई दोन्ही लांबवावे लागतात. त्यांचा मेंदू सावकाश बोलतो, आपणही सावकाश ऐकायचं. मोठ्यांच्या वेळा बाळाला लावलेल्या फिल्म अजूनही माझ्याकडे येतात. माझी तंत्रज्ञ मंडळींना विनंती आहे, टेबलावर बाळ असेल तेव्हा एवढा एक बदल जरूर करा. चुंबक जास्त ताकदीचं झालं की तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. ३ टेस्लावर मेंदूच्या ऊतींचे टी-वन लांबतात, ५०० चा टीआर पूर्वीसारखा फरक दाखवत नाही, आणि आकडे नव्याने बसवावे लागतात.

तुमच्या घरात कुणाची एमआरआयची फिल्म असेल तर कधीतरी ती खिडकीपाशी उजेडात धरा आणि आधी कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचा. टीआर पाचशेच्या आसपास आणि टीई दहा-वीस असेल, तर काळं दिसतं ते पाणी. टीआर चार हजारांच्या घरात आणि टीई शंभराच्या आसपास असेल, तर पांढरं दिसतं ते पाणी. टीआर नऊ हजारांच्या घरात, टीई लांब, सोबत टीआय चोवीसशेच्या आसपास लिहिलेला असेल आणि पाणी काळं असेल, तर ती फ्लेअर आहे. तिच्यावर उरलेलं जे पांढरं आहे, त्याविषयी तुमच्या डॉक्टरांना जरूर विचारा.